भाकितांचा हंगाम

दरवर्षी श्रावण सरत आला की मराठी वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून एका नव्या पंचांगाचे वाचन सुरू होते. अमेरिकेतील ॲपल कंपनी सप्टेंबरात कोणता फोन जगापुढे ठेवणार, त्याची जाडी किती असेल, कॅमेरे किती असतील, किंमत कितीने वाढेल, याची भाकिते रोज छापली जातात. २०२५ साली तर नव्या फोनचा नारिंगी रंग आधीच फुटला आणि तो ‘भगवा’ म्हणावा की नाही यावरही आपल्याकडे वाद रंगला. पावसाचा अंदाज चुकला तर शेतकरी वेधशाळेला बोल लावतो. फोनचा अंदाज चुकला तर कोणालाच दोष लागत नाही, कारण पुढच्या आठवड्यात नवा अंदाज तयार असतो.

ही चर्चा केवळ मुंबईच्या उंच इमारतींपुरती राहिलेली नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेसारख्या तालमींच्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीतही ती पोचली आहे. फौंड्रीत किंवा दुकानात काम करणाऱ्या तरुणाला आगामी फोनच्या प्रोसेसरचे नाव पाठ असते. आपल्या भविष्यनिर्वाह निधीत मालकाने किती महिन्यांचा भरणा केला आहे, हे मात्र त्याला सांगता येईलच असे नाही. यात त्या तरुणाची टवाळी करण्याचे कारण नाही. एका गोष्टीची माहिती दिवसातून दहा वेळा त्याच्या हातात आणून दिली जाते आणि दुसरीसाठी त्याला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

अंदाज बांधणे हे कोल्हापूरला नवे नाही. शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात मोठी कुस्ती ठरली की आठ-आठ दिवस पेठेच्या कट्ट्यांवर तिचा निकाल लावला जाई. फुटबॉलच्या हंगामात आजही तेच चालते. परंतु त्या अंदाजांत एक सचोटी असते. दोन्ही मल्ल लोकांनी पाहिलेले असतात. कोणाचा गुडघा दुखावला आहे, कोणाचा दम लवकर तुटतो, हे तालमीत उठबस असलेल्या माणसाला ठाऊक असते. शिवाय निकाल खरोखरच कोणाच्या खिशात नसतो. फोनच्या बाबतीत निकाल कित्येक महिने आधी लागलेला असतो. माल कारखान्यात तयार होत असतो, जाहिराती चित्रित झालेल्या असतात आणि ज्याला सारे माहीत आहे तो गप्प राहून बाकीच्यांचे तर्क ऐकत असतो. ही स्पर्धाच नव्हे. हिच्यात एक पक्ष पत्ते उघडे करून बसलेला आणि दुसरा झाकून बसलेला आहे.

या तर्कांचा उपयोग कंपनीला कसा होतो, याचे उत्तम उदाहरण २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. आयपॅड नावाची पाटी त्या दिवशी जाहीर व्हायची होती. तिची किंमत हजार डॉलरच्या आसपास असेल, असे जाणकारांनी आधीच सांगून ठेवले होते. स्टीव्ह जॉब्ज यांनी रंगमंचावर तोच ९९९ चा आकडा झळकवला आणि मग तो पाडून ४९९ डॉलर हा आकडा दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाचशे डॉलर ही रक्कम स्वस्त कधी वाटेल? हजारांची भीती आधी घातलेली असेल तेव्हा. ती भीती घालण्याचे काम कंपनीने पैसे देऊन करून घेतले नव्हते. वृत्तपत्रांनी ते फुकट केले.

आणि हे भविष्यवेत्ते जाणते तरी किती? ॲपलचा दूरचित्रवाणी संच येणार, असे शेअरबाजाराचे एक नामवंत विश्लेषक वर्षानुवर्षे सांगत राहिले. तो आला नाही. ॲपलच्या मोटारीवर दहा वर्षे लेख पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. कंपनीची स्वतःची वचने तरी कोठे टिकतात? सप्टेंबर २०१७ मध्ये खुद्द रंगमंचावरून जाहीर केलेली एअरपॉवर ही विद्युतभारणाची गादी मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. आपल्या मुंबईची गोष्टही निराळी नाही. रिलायन्सने जून २०२१ मध्ये गरिबांच्या स्मार्टफोनची घोषणा केली, गणेश चतुर्थीचा मुहूर्त दिला आणि वृत्तपत्रांनी त्याची किंमत साडेतीन हजारांच्या घरात नेऊन ठेवली. फोन आला तो दिवाळीत आणि ६,४९९ रुपयांना.

एक वर्ग मात्र असा आहे की ज्याच्यासाठी हे अंदाज म्हणजे करमणूक नव्हे. जुने फोन घेणारा-विकणारा छोटा दुकानदार ऑगस्टमध्ये एखादा फोन विकत घेतो, तेव्हा सप्टेंबरात त्याचा भाव किती कोसळेल याचा हिशेब त्याला करावाच लागतो. कव्हरे आणि काचा विकणाऱ्याची अवस्था त्याहून बिकट. नव्या फोनची मापे फुटली की बनवणारे त्या मापाची कव्हरे आधीच काढतात. माप चुकले तर पेटीभर माल रद्दीत जातो. कंपनीच्या गुप्ततेची किंमत अशी पेठेतल्या दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत येते. त्याच्या शेजारी टेबल टाकून बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याचे तर या भाकितांत नावही नसते. नव्या फोनचा कॅमेरा किती पिक्सेलचा, हे चार महिने आधी छापून येते; त्याची बॅटरी बाहेरच्या माणसाला बदलता येईल काय, हे कोणी विचारीत नाही. साध्या पेचकसाने न उघडणारे खास स्क्रू आणि दुसरा भाग बसवला की पडद्यावर उमटणारी ताकीद, या युक्त्यांनी कारागिराच्या हातातील विद्या हळूहळू निरुपयोगी केली जात आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली खरी. पण पाच इंचांच्या पडद्यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शतांशही या प्रश्नाच्या वाट्याला आली नाही.

ज्या गावात यंत्र उघडून पाहण्याची परंपरा होती, त्या गावाला हे अधिक खटकले पाहिजे. बाबूराव पेंटर यांनी आनंदरावांच्या मृत्यूनंतर, प्रोजेक्टरच्या यंत्रणेचा अभ्यास करून, विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात घडवला. परदेशी कंपनी यंदा कोणता कॅमेरा काढणार, याची वाट पाहत ते बसले नाहीत. अर्थात एकविसाव्या शतकातील चिप उद्यमनगरातल्या लेथवर उतरणार नाही, हे कोणालाही कळते. तरीही यंत्राकडे पाहण्याची एक दृष्टी घडवणाऱ्याची असते आणि दुसरी रांगेत उभ्या राहणाऱ्याची, हा फरक उरतोच.

परंतु या सर्वांहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पडद्याआड जे झाकलेले असते, ते झाकून ठेवण्याचा भार अखेर कोणाच्या डोक्यावर पडतो? जुलै २००९ मध्ये चीनमधील शेन्झेन येथे फॉक्सकॉनच्या एका पंचवीस वर्षांच्या कर्मचाऱ्याकडून आगामी आयफोनचा एक नमुना हरवला. कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी त्याची चौकशी केली, त्याच्या घराची झडती घेतली, मारहाण झाल्याचेही त्याने मित्रांना कळवले. आणि त्याने इमारतीवरून उडी टाकून जीव दिला. पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, कॅलिफोर्नियातील एका मद्यालयात कंपनीच्याच एका अभियंत्याकडून असाच नमुना विसरला गेला. तो पाच हजार डॉलरला विकला गेला, छायाचित्रे जगभर झळकली आणि बातमी देणाऱ्यांची वाहवा झाली. एकाच प्रकारच्या दोन चुका. एकीची परिणती मृत्यूत आणि दुसरीची कौतुकात. २०१० साली त्याच शेन्झेनमध्ये डझनाहून अधिक कामगारांनी आत्महत्या केल्या, तेव्हा कारखान्याच्या इमारतींना जाळ्या लावण्यात आल्या.

चीनचे उदाहरण देऊन हात झटकता येणार नाही, कारण हा फोन आता भारतात बनतो. कर्नाटकातील नरसापूर येथे १२ डिसेंबर २०२० रोजी विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या वेतनावरून कंत्राटी कामगारांचा उद्रेक झाला. शंभराहून अधिक कामगारांना अटक झाली. तेथेही एक अंदाज होताच : पोलिसांकडील तक्रारीत नुकसान ४३७ कोटी रुपयांचे म्हणून सांगितले गेले, तैवानच्या शेअरबाजाराला कळवलेला आकडा मात्र फार तर ५२ कोटींचा होता. कामगारांना गुन्हेगार ठरवताना आकडा मोठा लागतो आणि भागधारकांना धीर देताना लहान. पुढे सरकारी तपासणीत कामगार कायद्यांचा भंग आढळला आणि ॲपललाच त्या कंपनीवर तात्पुरता बहिष्कार घालावा लागला. वर्षभराने तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या वसतिगृहातील दीडशेहून अधिक कामगार मुलींना अन्नातून विषबाधा झाली. त्यांच्या मैत्रिणी महामार्गावर येऊन बसल्या, तेव्हा कोठे त्या मुली काय खातात आणि एका खोलीत किती जणी झोपतात, हे जगाला कळले. त्या फोनचे वजन किती ग्रॅम, हे जगाला कधीच ठाऊक होते.

महाराष्ट्राला या कंपन्यांचे आकर्षण कमी नाही. किंबहुना अंदाजांचा हा खेळ राज्यकर्त्यांनी अधिक मोठ्या प्रमाणावर खेळला आहे. ८ ऑगस्ट २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने फॉक्सकॉनशी करार केला. पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर येणार आणि पन्नास हजार हातांना काम मिळणार, असे सांगण्यात आले. पाच वर्षे सरता सरता, २०२० च्या जानेवारीत, तो करार बारगळल्याचे उद्योगमंत्र्यांनाच सांगावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प गुजरातने नेला आणि महाराष्ट्रात सत्ताधारी-विरोधक एकमेकांवर तुटून पडले. दहा महिन्यांनी फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. जो कारखाना गुजरातलाही लाभला नाही, त्याच्यावरून मराठी माणसाच्या अस्मितेची किती भांडणे झाली! या साऱ्या गदारोळात तेथे वेतन किती मिळणार होते, नोकऱ्या कायम की कंत्राटी, याची विचारणा अपवादानेच झाली.

अशा चढाओढीत राज्ये देऊ करतात काय? जमीन, पाणी आणि करांत सूट हे झालेच. आता कामगाराचा दिवसही बोलीवर चढला आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी केली. त्यामागे ॲपल आणि फॉक्सकॉन यांचा आग्रह होता, असे वृत्त लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने दिले. तामिळनाडूने एप्रिलमध्ये तसेच विधेयक मंजूर केले. परंतु तेथे मित्रपक्षांसह सर्व कामगार संघटना उभ्या ठाकल्या आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना ते मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले.

महाराष्ट्रात हे कसे घडले, ते तारखांवरून पाहण्यासारखे आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर मिळणार. दुकाने आणि आस्थापनांसाठी नवाचे दहा तास झाले. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, पुण्यात कोरेगाव पार्क येथे ॲपलचे दुकान उघडले आणि ९ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात नवे फोन झळकले. भारतातील त्यांची किंमत ८२,९०० रुपयांपासून पुढे. १९ सप्टेंबरला वांद्र्याच्या दुकानापुढे पहाटेपासून रांग लागली, तिच्यात धक्काबुक्कीही झाली. त्या पंधरवड्यात मराठी वाचकाला सर्वाधिक वाचायला काय मिळाले, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही.

शासनाच्या बाजूने असे सांगितले जाते की आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट वेतन आहे आणि कामगाराची लेखी संमती बंधनकारक आहे. कागदावर हे खरे आहे. परंतु ज्याची नोकरी ठेकेदाराच्या वहीतल्या एका ओळीवर टांगलेली आहे, त्याने संमतीपत्रावर सही नाकारावी ही अपेक्षा कोणत्या जगात केली जाते? बारा तासांत येण्या-जाण्याचे दोन मिळवले, की घरी मुलाचा अभ्यास घ्यायला किंवा तालमीत जायला त्याच्यापाशी काय उरते? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटी मिळवली, तेव्हा मालकांचा युक्तिवाद हाच होता की धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही.

त्यानंतर, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्राने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. त्या २०१९ आणि २०२० साली संसदेत संमत झाल्या होत्या. पाच वर्षे त्यांच्या मुहूर्ताचे अंदाज चालू होते आणि अखेरीस एका सायंकाळी त्या आल्याच. आता प्रश्न नियमांचा आणि अंमलबजावणीचा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी जादा कामाच्या संमतीपत्राचे नमुने कारखान्याकारखान्यांतून मागवून घ्यावेत. ते मराठीत आहेत काय, कामावर घेतानाच इतर कागदांबरोबर सही घेतली जाते काय आणि एकदा दिलेली संमती परत घेण्याची सोय त्यांत आहे काय, हे तपासावे. नकार दिल्यामुळे काम गेलेल्यांची नावे संघटनेच्या दप्तरी राहावीत आणि ती यादी घेऊन कामगार आयुक्तांच्या कोल्हापुरातील कार्यालयात पुढच्या सप्टेंबरच्या आत जावे.