नावडीचे अर्थशास्त्र

१७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. तेथून सुमारे ८०० किलोमीटर दूर, नागपूरलगतच्या बेसा येथील नव्या वसाहतींतही या वाद्यवृंदाचे चाहते आढळतात. आणि त्याचे नाव निघताच नाक मुरडणारेही आढळतात. चाहत्यांच्या आवडीची चर्चा पुष्कळ होते. नाक मुरडणाऱ्यांच्या नावडीची तपासणी मात्र सहसा होत नाही. ती होणे अगत्याचे आहे.

हार्वे लायबेन्स्टाईन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये ग्राहकांच्या दोन परस्परविरोधी प्रवृत्तींचे विवेचन केले. इतर घेतात म्हणून एखादी वस्तू घेणारा एक. इतर घेतात म्हणूनच ती टाकणारा दुसरा. दुसरा स्वतःस स्वतंत्र बुद्धीचा समजतो. वस्तुतः दोघांचीही नजर वस्तूवर नसते, गर्दीवर असते. ‘सर्वांना आवडते, त्याअर्थी ते सुमारच असणार’ हा निष्कर्ष न ऐकताच काढलेला असतो.

याचा अर्थ या वाद्यवृंदावर टीका करू नये असा नव्हे. १९८७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने त्याला जगभर कीर्ती मिळाली. पण पुढच्याच वर्षी ‘वन इन अ मिलियन’ या गीतात कृष्णवर्णीय, स्थलांतरित व समलिंगी लोकांचा उपमर्द करण्यात आला. २०१८ च्या पुनःप्रकाशित संचातून ते गीत वगळले गेले. २०१२ मध्ये हा वाद्यवृंद प्रथम भारतात आला तेव्हा गायक अ‍ॅक्सल रोझ होता, परंतु विख्यात गिटारवादक स्लॅश नव्हता. तो २०१६ मध्ये परतला. तेव्हा श्रोत्यांनी किंमत मोजली ती संगीताची की नावाची, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच होय. अशी नावड विचारपूर्वक कमावलेली असते.

न कमावलेल्या नावडीस अधिकाराची जोड मिळाली म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटसंगीत हलके वाटे. आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते मात्र शास्त्रीय संगीताकडे वळले नाहीत. त्यांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. मागणी नष्ट झाली नव्हती. तिने केवळ दुकान बदलले होते.

घराघरांत आणि महाविद्यालयांत हाच प्रयोग लहान प्रमाणावर आजही चालू आहे. ‘हा गोंगाट बंद कर’ असे फर्मावणाऱ्या वडिलांपुढे मुलगा आवाज बंद करतो आणि कानांत यंत्र घालतो. बंद होतो तो दोघांमधला संवाद. त्याऐवजी ‘यात तुला काय आवडते?’ असे विचारून एक गीत अखेरपर्यंत ऐकावे. नंतर ते आवडले नाही, तर कारणासह निःसंकोच सांगावे. नावडण्याचा हक्क प्रत्येकास आहे; मात्र त्याची किंमत ऐकण्याच्या श्रमाने चुकती करावी लागते.