फेट्याची वाकळ

2024 च्या डिसेंबरात सिडनीत डॉन ब्रॅडमनची एक टोपी लिलावात निघाली. उन्हानं विटलेली, झिजलेली हिरवी टोपी. बोली थांबली 3 लाख 90 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर, आणि लिलाववाल्यांची फी धरून आकडा गेला 4 लाख 79 हजार 700 वर. म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर. टोपी 1947-48 च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली. त्यामुळं सांगलीच्या माणसाला बातमी वाचता वाचता विजय हजारे आठवणारच. हजारे जन्मानं सांगलीचे. त्याच मालिकेत अ‍ॅडलेडला ब्रॅडमननं 201 केले, आणि त्याच कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, 116 आणि 145.

क्रिकेटवाल्यांचं एक बरं असतं, त्यांच्यामागं सामान उरतं. टोपी, बॅट, ग्लोव्हज, स्वेटर. शिवाय सगळ्यावर सही करायला ऐसपैस जागा. पुण्यात रोहन पाटे यांनी अशा वस्तूंचं अख्खं संग्रहालय उभं केलंय. बॅडमिंटनवाल्याची निदान रॅकेट तरी राहते (नंदू नाटेकरही सांगलीचेच, बरं का). पण आमच्या या कृष्णाकाठचा खरा खेळ कुस्ती. पैलवानामागं काय राहतं? लंगोट. त्याच्यावर सही कोण करणार आणि तो काचेच्या कपाटात कोण टांगणार? बदाम आणि थंडाई पोटात गेली, तेल अंगात जिरलं, अंगाची माती तालमीतच झटकली. ज्याच्यावर सगळी मेहनत केली, ते शरीर तर कुणालाच जपून ठेवता येत नाही.

राहता राहिला फेटा. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, वाळवा तालुक्यातल्या जत्रांतून कुस्त्या करायचे. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात, पुढं शे-पाचशेची जोड लागायची. जिंकले की पंच फेटा बांधायचे, हलगी कडाडायची आणि तात्या घरी यायचे ते फेट्यासकटच. असे बरेच साठले. माझ्या आजीनं ते ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवले नाहीत. तिनं त्यांची वाकळ शिवली. गुलाबी, केशरी, मोरपंखी ठिगळं, मध्ये तिच्या जुन्या लुगड्याचा पदर. तात्यांचा सगळा पराक्रम आम्ही पोरं अंगावर ओढून झोपायचो.

हे आठवायचं कारण खाशाबा जाधव. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचा हा माणूस 1948 साली लंडनला सहावा आला आणि 23 जुलै 1952 ला हेलसिंकीत त्यानं बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सुवर्ण नेलं जपानच्या शोहाची इशीनं. पदक तेव्हा गळ्यात घालायची रीत नव्हती, ती आली 1960 च्या रोमपासून. हेलसिंकीत ते हातात द्यायचे. तळहातावर सहज मावेल एवढी ती कांस्याची चकती.

2017 च्या जुलैत त्यांच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की हे पदक आम्ही लिलावात काढणार. सरकारनं 2009 मध्ये खाशाबांच्या नावानं कुस्ती अकादमी करायचा शब्द दिला होता, 2013 मध्ये दीड कोटीच्या वर रक्कम मंजूरही झाली होती. प्रत्यक्षात काही उभं राहीना. मग पदक विकू आणि अकादमी आमची आम्ही बांधू, असं घरच्यांचं म्हणणं. बातमी वाचून मला रागच आला होता. देशाचं पदक असं विकतात का? आम्हा पेपर वाचणाऱ्यांना राग फार लवकर येतो, आणि तोही चहा संपेपर्यंतच टिकतो.

खाशाबांची गोष्ट पुन्हा नीट वाचली तेव्हा माझा तो राग ओशाळला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, खाशाबा दारोदार फिरले, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून 7 हजार रुपये दिले. 1952 चे 7 हजार! पदक घेऊन परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्यानंतर खाशाबांनी काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे त्या पदकाचे पैसे पहिल्यांदा केले ते खुद्द खाशाबांनीच, आणि तेही दुसऱ्याच्या घरासाठी. पासष्ट वर्षांनी त्यांच्या घरच्यांना त्याच पदकातून तालीम दिसली, तर त्यात चुकलं काय?

खाशाबा 1955 साली पोलिसांत फौजदार झाले, 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला 2010 मध्ये त्यांचं नाव लागलं आणि आता 15 जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन असतो. नावं देणं आपल्याला छान जमतं, त्याला वीट-सिमेंट लागत नाही.

जेसी ओवेन्सच्या 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदकाला 2013 मध्ये अमेरिकेत साडेचौदा लाख डॉलरच्या वर किंमत आली. खाशाबांच्या पदकाला काय आली असती, याचे अंदाज तेव्हा चहाच्या टपरीवर बरेच झाले. लिलाव काही झाला नाही. पण मला कुणी संग्रहालय काढायला सांगितलं, तर पदकासाठी मी हट्ट धरणार नाही. पहिल्या कपाटात खर्डेकर सरांच्या घराचं गहाणखत ठेवीन, दुसऱ्यात गोळेश्वरच्या वर्गणीची यादी. ज्यानं दोन रुपये दिले त्याचंही नाव असलेली. बघायला येणारी पोरं कदाचित कंटाळतील, त्यांना सेल्फीला काहीतरी चमकणारं लागतं. त्यांच्यासाठी एक चांदीची गदा मागवू.

आमच्याकडची वाकळ मात्र मी कुणाला देणार नाही. गुलाबी ठिगळ मागच्या वर्षी उसवलं, बायकोनं पुन्हा टाके घातले. थंडीत ती अजून लागते.