पालीकरांनो, पिवळ्या पाण्याला भुलू नका!

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, की आपल्याकडे जाळी दुरुस्त होतात आणि घरोघरी कावीळ निघते. कुणाचे डोळे पिवळे दिसले, की शेजारीण विचारते, "औषध दिलं का?" हे औषध डॉक्टरचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी कावीळ उतरवून घेतो, कुणी माळ घालतो, कुणी गुळवेल उकळतो.

आधी उतरवणं बघू. हात चुन्याच्या निवळीत धुतले, की पाणी पिवळं होतं. "बघा, किती होती अंगात!" आता घरीच करून बघा. आंब्याची साल ठेचून तिचा रस तळहाताला लावा, वाळू द्या आणि निवळीत हात धुवा. घरात कुणालाही कावीळ नसताना पाणी पिवळं होईल. माळेचीही तीच गत. ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि डोक्यावर ठेवलेली माळ गळ्यातून पोटापर्यंत येते. उतरते ती माळच!

"पण माणसं बरी होतात ना?" होतात. घाण पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक जाते. त्या दिवसांत जो समोर असतो, तो श्रेय घेऊन जातो. पण ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली असेल, तर वाट बघत बसणं म्हणजे मरण ओढवून घेणं. कावीळ कुठली, हे नुसते डोळे बघून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं, सोनोग्राफी लागते.

मग आजीचं झाडपाल्याचं ज्ञान फेकून द्यायचं? मुळीच नाही. ते तपासायचं, आणि तपासता येतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल तपासली. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेले 30 रुग्ण घेतले, दोन गट केले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना दिले, एका गटाला जोडीला गुळवेल. 1993 साली निष्कर्ष छापले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवरच्या गटात निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. रुग्ण थोडे होते, हे खरं. पण प्रश्न रीतसर विचारला गेला होता. आणि लक्षात घ्या, तिथं गुळवेलीसाठी कुणाचेही उपचार थांबवले नव्हते.

आता याच मुंबईतली दुसरी गोष्ट. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी असे सहा रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यावर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने हा संबंध नाकारला. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. भांडण मोठ्यांचं, पण आपल्या घरात वेल ओळखून कोण तोडतं? किती उकळतं? किती दिवस पाजतं? वेलीला आजार कळत नाही आणि माणूसही कळत नाही. ते तपासणाऱ्याला कळतं.

सर्पगंधेचंही असंच. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर ती वापरून 1949 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि आपल्या रानातली मुळी जगभरच्या दवाखान्यांत पोचली. पुढे तिचे दुष्परिणामही उघड झाले. तपासल्याने झाडपाल्याचा मान जात नाही, वाढतो.

आणि आमचा राग एकट्या वैदूवर नाही. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना देताना सरकार रुग्णांवरची चाचणी मागत नाही, हे कशाला? दुसरीकडे, साध्या तापाला सलाईनची बाटली लावणाऱ्या डॉक्टरलाही तोच सवाल. कोविडमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळीचा केवढा गवगवा झाला! मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. गोळी असो की मुळी, नियम एकच हवा.

सापाच्या बाबतीत तर घासाघीस नकोच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर तपासलेला इलाज एकच: प्रतिविषाचं इंजेक्शन. जाळ्यात येणारा समुद्री साप त्या चौघांत बसत नाही, त्याच्यावर हे इंजेक्शन चालत नाही, म्हणून तो चावला तर रुग्णालयात आणखी लवकर पोचा. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंतर मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

1. प्रतिविषाच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत, हे महापालिकेने रुग्णालयाच्या दारावरच्या फळ्यावर रोज लिहावं.

2. पावसाळ्यात पालीतल्या नळांचं आणि विहिरींचं पाणी तपासून निकाल गावात लावावा.

3. काविळीचं औषध देणाऱ्याने त्यात काय आहे ते कागदावर लिहून द्यावं. लिहीत नसेल, तर घेऊ नका.

4. काढा घेतला असेल तर डॉक्टरला सांगा. आणि डॉक्टरांनो, ते ऐकून खेकसू नका. खेकसलात की माणूस पुढच्या वेळी लपवतो.

आजीवर प्रेम करा. तिचे डोळे पिवळे झाले, तर आधी तिचं रक्त तपासा.

– पालीतला एक रहिवासी
(वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्या.)