प्रोबायोटिकच्या पुडीवर जीवाणूचा वाण छापा

अँटिबायोटिकच्या गोळ्यांसोबत प्रोबायोटिकची पुडी किंवा कुपी घ्यायची, ही आता सोलापुरात रीतच झाली आहे. ‘पोटाला चांगले जीवाणू’ एवढ्या आश्वासनावर आपण पैसे मोजतो. माझे म्हणणे असे की, आत नेमका कोणता वाण आहे हे न सांगणाऱ्या पुडीवर आरोग्याचा कोणताही दावा छापू देऊ नये.

ज्वारी सगळी सारखीच, असे आपल्या जिल्ह्यातला शेतकरी कधी म्हणणार नाही. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ तो क्रमांकानिशी ओळखतो. जीवाणूंचेही तसेच आहे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या एकाच प्रजातीच्या दोन वाणांची जनुके फिनलंडच्या संशोधकांनी २००९ मध्ये ताडून पाहिली. ‘जीजी’ वाणात आतड्यातल्या श्लेष्म्याला धरून राहणारे सूक्ष्म तंतू घडवणारी जनुके सापडली; ‘एलसी ७०५’मध्ये ती नव्हती. ओडिशातील साडेचार हजारांवर नवजात बालकांवरील प्रोबायोटिकच्या चाचणीत (२०१७ मध्ये प्रसिद्ध) सेप्सिस व मृत्यूचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांऐवजी ५.४ टक्के राहिले. तिथे लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जीवाणूचा एक ठरावीक वाण त्याला पोषक शर्करेसह दिला होता. त्याचे श्रेय भलत्याच वाणाच्या पुडीला कसे मिळावे?

प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. काही जीवाणूंत अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुके असतात. ती पोटातल्या रोगजंतूंकडे जाण्याचा धोका किती, हे जनुकांची तपासणी केल्याशिवाय ठरवता येत नाही.

दह्या-ताकावर आणि आंबिलीवर पिढ्या पोसल्या, तेव्हा कुणी जनुके तपासली होती, असे विचारले जाईल. अन्न म्हणून आंबील उत्तमच. पण आजारावरचा उपाय म्हणून काही विकायचे, तर पुरावा देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

वाणाची जनुकीय ओळख, सुरक्षितता, माणसांवरील परिणाम आणि लेबलवर वाणाचा उल्लेख, हे सारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) व केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अन्न व औषध प्रशासनाने त्यानुसार दुकानांतील लेबले तपासावीत. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने घरोघरच्या आंबिलीतले जीवाणू वेगळे करून त्यांची जनुके अभ्यासावीत आणि उपयुक्त वाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संग्रहात जमा करावेत. ग्राहकांनीही पुडी उलटून पाहावी. वाणाचे नाव आणि जिवंत जीवाणूंची संख्या छापलेली नसेल, तर ती घेऊ नये.

— एक वाचक, सोलापूर