सॅन डिएगोने टीम हाकलली नाही, फक्त बिल भरायला नकार दिला

दरवर्षी सप्टेंबर आला, अमेरिकन फुटबॉलचा सीझन सुरू झाला, की आपल्या सॅन डिएगोच्या मराठी ग्रुपवर तोच वाद पेटतो. कुणीतरी चार्जर्सचा निळा शर्ट घातलेला जुना फोटो टाकतं आणि खाली ठरलेली कॉमेंट येते : "इथल्या लोकांनीच टीम घालवली. मतदानात 'नाही' म्हणाले, आता भोगा." यंदा ठरवलं की एकदाच नीट लिहून टाकू. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नवीन आलेल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. चार्जर्स ही १९६१ पासून सॅन डिएगोची टीम. इथे आपले बरेच लोक क्वालकॉममध्ये नोकरीला आले, आणि टीम खेळायची त्या स्टेडियमचं नावही तेव्हा क्वालकॉम स्टेडियमच होतं. त्यामुळे ज्यांना डाउन म्हणजे काय हेही कळत नव्हतं, तेसुद्धा "आपलं स्टेडियम" म्हणायचे. टीमची मालकी १९८४ पासून स्पॅनोस कुटुंबाकडे. स्टेडियम १९६७ चं, जुनं झालेलं. मालकांना नवीन हवं होतं.

आता २०१६ चा सीझन आठवा. पहिलाच सामना कॅन्सस सिटीत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण २४-३ ने पुढे, आणि ओव्हरटाइममध्ये ३३-२७ ने हरलो. वर कीनन ॲलनचा गुडघा गेला, तो पूर्ण सीझन बाहेर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये ३४-२१ अशी आघाडी, तोही सामना ३५-३४ ने घालवला. फिलिप रिव्हर्सने ३३ टचडाउन फेकले, पण २१ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. आणि २४ डिसेंबरला कहर झाला. क्लीव्हलंडची टीम तोवर १४ पैकी १४ सामने हरली होती. त्यांना त्या वर्षातला एकमेव विजय कुणी दिला? आपण. २०-१७. सीझनचा हिशेब ५ विजय, ११ पराभव.

एवढ्या रडगाण्यात जो बोसा नावाचा नवा पोरगा चमकला. १२ सामन्यांत साडेदहा सॅक, आणि बचावातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान. पण त्याच्याशीही टीमने कराराच्या पैशांवरून उन्हाळाभर घासाघीस केली होती. एकीकडे खेळाडूशी अशी ताणाताणी, आणि दुसरीकडे शहरापुढे हात पसरलेला.

तो हात किती मोठा होता, ते बघू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मतपत्रिकेवर 'मेजर सी' नावाचा प्रस्ताव होता. डाउनटाउनमध्ये स्टेडियम आणि कन्व्हेन्शन सेंटर एकत्र बांधायचं, खर्च सुमारे १८० कोटी डॉलर. त्यातले ६५ कोटी टीम आणि लीग देणार. उरलेले ११५ कोटी शहराने कर्जरोखे काढून उभे करायचे, आणि ते फेडायला हॉटेलवरचा कर साडेबारावरून साडेसोळा टक्क्यांवर न्यायचा. शहराची वस्ती १४ लाखांच्या आसपास धरली, तर हे माणशी ८०० डॉलरहून जास्त होतात. लहान मुलंही धरून! आणि टीमचे घरचे सामने वर्षाला किती? सरावाचे दोन धरून दहा.

मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागणार होती. 'हो' म्हणणारे निघाले सुमारे ४३ टक्के. म्हणजे साधं बहुमतसुद्धा नाही.

"पण तो पैसा आपला कुठे होता? हॉटेलचा टॅक्स टुरिस्ट भरतात." हा मुद्दा मला तेव्हाही ऐकवला गेला आणि आजही ऐकवला जातो. ऐकायला बरा वाटतो, पण यात एक गोम आहे. टुरिस्ट देवो नाहीतर आणखी कुणी, एकदा जमा झाला की तो शहराचाच पैसा. त्यातून रस्ते होतात, अग्निशमन दलाचे पगार होतात, वाचनालयं चालतात. आणि हा कर वाढवायलाही मर्यादा असते. एकदा स्टेडियमसाठी वाढवला, की पुढची अनेक वर्षं दुसऱ्या कामासाठी वाढवता येत नाही.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये याच शहरात हाच हॉटेल कर वाढवण्याचा दुसरा प्रस्ताव आला, योगायोगाने त्याचंही नाव 'मेजर सी'. त्यातला पैसा कन्व्हेन्शन सेंटर, बेघरांसाठीची कामं आणि रस्तेदुरुस्ती यांना जायचा होता. त्याला सुमारे ६५ टक्के मतं पडली. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मे २०२५ पासून ती वाढ लागू झाली. लोक करालाच विरोध करतात, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. तेच शहर आणि तोच कर. एकदा ४३ टक्के, एकदा ६५. लोकांना पैसा कुठे जावा हे कळत होतं.

शिवाय शहराचं तोंड आधी पोळलेलं होतं. १९९५ च्या करारात शहराने टीमला दर सामन्याला ६०,००० तिकिटांच्या विक्रीची हमी दिली होती. तिकिटं खपली नाहीत तर फरक शहराने भरायचा! त्यात कोट्यवधी डॉलर गेले. जी टीम हरली तरी तिच्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे करदाता भरतो, ती टीम सुधारेल कशाला?

१ जानेवारी २०१७ ला शेवटचा घरचा सामना झाला, ३७-२७ ने हरलो. १२ जानेवारीला मालक डीन स्पॅनोस यांनी पत्र काढलं : टीम लॉस एंजेलिसला चालली. त्या दिवशी लोकांनी टीमच्या ऑफिसबाहेर शर्ट-टोप्यांचा ढीग टाकला, कुणी अंडी फेकली. स्थलांतराची फी म्हणून लीगला ५५ कोटी डॉलरहून जास्त द्यायची तयारी मालकांकडे होती. पैसा नव्हता असं नाही.

हे लिहिताना एका बाजूकडे डोळेझाक करणार नाही. नुकसान झालं, आणि ते खरं आहे. आमच्या शेजारच्या आजोबांकडे तीस वर्षं सीझन तिकीट होतं. वडिलांबरोबर जायचे, मग मुलाला न्यायचे. ते आता रविवारी टीव्ही लावत नाहीत. त्यांना कर्जरोख्यांचं गणित सांगून मी काय साधणार? नकाराची किंमत असते, आणि ती मालकाने नाही, त्यांच्यासारख्यांनी मोजली. पण म्हणूनच राग योग्य पत्त्यावर जायला हवा. माणसांच्या अशा प्रेमाला ओलीस धरून शहराकडून पैसे मागणं, हा यातला खरा अपराध आहे.

पुढे काय झालं? चार्जर्स तीन सीझन कार्सनच्या २७,००० खुर्च्यांच्या मैदानात खेळले, तिथेही पाहुण्या टीमचा आवाज जास्त. २०२० पासून ते दुसऱ्याच मालकाच्या स्टेडियममध्ये भाडेकरू आहेत. इकडे जुन्या स्टेडियमची जागा सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाने शहराकडून विकत घेतली. २०२२ मध्ये तिथे ३५,००० क्षमतेचं स्नॅपड्रॅगन स्टेडियम उभं राहिलं. तिथे विद्यापीठाची टीम खेळते, मुलींचं व्यावसायिक सॉकर चालतं. शहर काही ओस पडलं नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. लास वेगासने ७५ कोटी डॉलर सरकारी पैसा दिला, बफेलोसाठी राज्य आणि काउंटीने मिळून ८५ कोटी दिले, आणि दोन्हीकडे लोकांना मतपेटीपर्यंत येऊच दिलं नाही. कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत मात्र एप्रिल २०२४ मध्ये लोकांना विचारलं. चॅम्पियन टीम दारात असूनही ते 'नाही'च म्हणाले. जिथे विचारलं जातं तिथे लोक हिशेब करतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की आपण टीम हाकलली, तर त्याला एवढंच विचारा : ते ११५ कोटी तू कुठल्या रस्त्यातून, कुठल्या वाचनालयातून काढले असतेस? उत्तर असेल तर खाली जरूर लिहा. वाद घालू, पण आकडे घेऊन या.