रामशेजची कथा सांगताना

शिवाजी सावंत यांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेला ‘छावा’ हा हिंदी चित्रपट २०२५ साली प्रदर्शित झाला आणि छत्रपती संभाजी महाराजांचा कालखंड देशभर चर्चेत आला. त्यासोबत नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याची कथाही व्याख्यानांतून, चित्रफितींतून आणि उत्सवांतील देखाव्यांतून नव्या उत्साहाने सांगितली जात आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून पेठ रस्त्याने आशेवाडी गाठावी, की समोर हा बुटका डोंगर दिसतो. सुटीच्या दिवशी कामगार वस्त्यांतील तरुण तेथे आवर्जून जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांना गडावर जी कथा ऐकावयास मिळते, तिचा विचार करावयास हवा.

या कथेचे मूळ फार जुने आहे. वनवासात प्रभू रामचंद्रांनी येथे विश्रांती घेतली, म्हणून ही रामाची शेज, अशी श्रद्धा आहे. पंचवटीच्या या परिसराने खर राक्षसाच्या चौदा हजारांच्या सैन्याशी एकाकी झुंजणाऱ्या श्रीरामाची कथा शतकानुशतके ऐकली आहे. त्यामुळे १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने रामशेजला वेढा घातला आणि मूठभर मराठ्यांनी तो वर्षानुवर्षे रोखून धरला, तेव्हा लोकमनाला या पराक्रमासाठी नवा साचा शोधावा लागला नाही. तो रामायणाने आधीच घडवून ठेवला होता.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडातील आर्थर राजाच्या कथांतही प्राचीन केल्टिक दैवतकथांचे धागे गुंफले गेले आहेत. मात्र आर्थर नावाचा राजा खरोखर होऊन गेला की नाही, याविषयीच विद्वानांत एकमत नाही. रामशेजची गोष्ट वेगळी आहे. येथील पराक्रमाची साक्ष खाफीखान या मोगल इतिहासकाराने दिली आहे. आपल्याच पक्षाची फजिती सांगणाऱ्या साक्षीदाराहून अधिक विश्वसनीय साक्षीदार कोण असणार?

खाफीखान सांगतो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, त्यांवर कातडे मढवले आणि त्यांच्याच तोफा केल्या. शहाबुद्दीनखान हात हलवीत परतला, त्याच्या जागी बहादूरखान आला. त्याने एका बाजूने गलबला करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसे गुपचूप वर चढवावयाची, असा बेत केला. किल्लेदाराने तो ओळखला. त्यानेही एका बाजूला गोंगाट करविला आणि दुसऱ्या बाजूला माणसे दबा धरून बसविली. वर चढणारे खाली कोसळले. शेवटी एका मांत्रिकाने शंभर तोळे सोन्याचा साप करवून घेतला व तो हाती धरून फौजेच्या पुढे निघाला. गडावरून गोफणीचा दगड आला, मांत्रिकाच्या छातीवर बसला आणि साप हातातून गळून पडला. सुवर्णमृगाची कथा ज्या भूमीत घडली, तेथेच हा सुवर्णसर्प निघावा आणि एका गोफणगुंड्याने त्याची माया संपवावी, याहून उत्तम प्रसंग कोणता कादंबरीकार रचू शकेल?

आजच्या कथनांत मात्र हा गोफण मारणारा दिसत नाही. झाड पोखरणारा सुतार आणि कातडे मढविणारा कारागीर दिसत नाही. दिसतो तो एकच तळपता नायक. त्याचे नाव कोणी सूर्याजी जेधे सांगतो, कोणी सूर्याजी जाधव. खाफीखानाने किल्लेदाराची सावधता वाखाणली, पण त्याचे नाव नोंदविले नाही. वेढ्याचा काळही कोणी साडेपाच वर्षे सांगतो, कोणी साडेसहा. शेवटी गड द्रव्याच्या आमिषाने मोगलांकडे गेला, हा भाग तर बहुधा गाळलाच जातो. सांगितलाच, तर शूर किल्लेदाराची बदली झाली होती आणि फितूर झाला तो नवा, अशी पुस्ती जोडली जाते. आपला नायक निष्कलंक राहावा, ही लोकमनाची इच्छा त्यात स्पष्ट दिसते. ती समजण्यासारखी आहे, परंतु इच्छा म्हणजे पुरावा नव्हे.

कोणी म्हणेल, स्फूर्ती मिळते ना, मग एवढी चिकित्सा कशाला? चिकित्सा अशासाठी, की आज ऐकलेली अतिशयोक्ती उद्या खोटी ठरली, तर तरुणाचा विश्वास खऱ्या पराक्रमावरूनही उडतो. शिवाय सातपूरच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या राहणाऱ्या तरुणाला अधिक जवळचे कोण वाटेल? अचाट चमत्कार करणारा वीर, की हाताशी लोखंड नसताना लाकडातून तोफ घडविणारा अनामिक कारागीर? ज्या बुरुजावर तोफांना जे जमले नाही ते पैशाने साधले, त्या बुरुजावर उभे राहून निष्ठेचा धडा अधिक खोल उमटतो.

म्हणून कथा अवश्य सांगावी. पोवाडा रचावा, नाटक बसवावे, गणेशोत्सवात देखावा उभारावा. कल्पनेला तेथे पूर्ण मुभा असावी. फक्त इतिहास कोणता, लोकश्रद्धा कोणती आणि रचनाकाराची कल्पना कोणती, हे प्रेक्षकाला कळेल अशी एक पाटी शेजारी लावावी. रामाची शेज ही श्रद्धा आहे आणि कातड्याने मढविलेली लाकडी तोफ ही नोंद आहे. दोन्ही आपलीच आहेत. त्यांची सरमिसळ केली, तर श्रद्धेवर पुराव्याचे ओझे पडते आणि पुराव्यावर संशयाचे. ज्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, त्या रामशेजच्या रक्षकांचे आपल्यावर ऋण आहे. त्यांना उसने नाव देऊन ते फिटणार नाही. त्यांनी जे केले ते, तेवढेच आणि तसेच सांगणे, हीच त्याची खरी फेड होय.