वीरनायक मराठीतही आहे



ग्रीकांसारखा वीरनायक मराठीला लाभला नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. होमरची काव्ये मौखिक परंपरेतली. अभ्यासक मिलमन पॅरीने १९३३-३५ मध्ये युगोस्लाव्हियात लोकगायकांचे ध्वनिमुद्रण करून ती मौखिक असल्याच्या मताला पुरावा जोडला. आमच्याकडेही लग्नानंतरच्या गोंधळात आजही संबळ-तुणतुण्यावर रात्रभर आख्यान रंगते. शाहीर अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडाही गाण्यासाठीच रचलेला. होमरच्या ‘इलियड’मध्ये अथेना देवी ग्रीक वीर अकिलीसचे केस मागून धरून त्याला आवरते, कवी परमानंदाच्या ‘शिवभारता’त तुळजाभवानी शिवरायांना दर्शन देऊन धीर देते. अकिलीस मात्र मानापमानापायी युद्ध सोडून रुसून बसतो. पत्रलेखकांनी एकदा गोंधळाला रात्रभर बसावे, मग निकाल द्यावा.

– एक वाचक, तुळजापूर, जि. धाराशिव